गिरण्यांच्या आधीची मुंबई

मंडळी, पत्रिकेवर ‘जहाजबांधणीचा इतिहास’ असा विषय छापला आहे आणि तो मी सांगणार आहेच. पण आधी मनात फार दिवस घोळणारी एक गोष्ट. मुंबई म्हटलं की आपल्या तोंडी गिरण्या येतात. समोर निम्मं गिरणगाव बसलंय, तेव्हा जपून बोलतो! पण इथली पहिली कापड गिरणी सुरू झाली १८५६ साली. नौदलाच्या गोदीचं जे लायन गेट, त्याच्या आतली सुकी गोदी, म्हणजे पाणी काढून जहाजाचं काम करायची जागा, १७५० ची. गिरणी कामगारांच्या शंभर वर्षं आधी हे शहर सुतारांचं होतं.

हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं ते वर्सोव्याच्या किनाऱ्यावर. एक वयस्क सुतारकाका बाभळीच्या वाकड्यातिकड्या फांद्या निवडत बसले होते. मी विचारलं, “काका, सरपण का?” त्यांनी वाकस खाली ठेवला. “सरपन? सरल लाकूर घराला, वाकरा होरीला!” मग एक फांदी उचलून त्यांनी होडीच्या आतल्या बाजूला टेकवली. तंतोतंत बसली. झाड जिथे स्वतःहून वाकतं, तिथे लाकडाचे रेषेही वळणाबरोबर वाकत जातात. सरळ फळी कापून तोच बाक काढला तर रेषे तुटतात, आणि लाटेच्या तडाख्यात ती फासळी तिथेच मोडते. कागदावर नकाशा नाही, सगळं हिशेबात आणि हातात. मुलगा मात्र फायबरच्या होड्यांच्या साच्यावर कामाला.

त्यांचे शब्द, त्यांची मापं ध्वनिमुद्रित करून ठेवावीत, म्हणून मी एका संस्थेत अर्ज दिला. दोन वर्षं खेटे घातले. शेवटी विचारणा झाली, “ही माहिती कुठल्या पुस्तकात आहे का?” अहो, नाही म्हणून तर आलो होतो! तोवर काका गेले. राग अजून जात नाही. असो.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. मग भराभर सांगतो.

१७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून आपले सुतार घेऊन इथे आले. लाकूड मलबारचं सागवान. इंग्रजांची जहाजं ओकची, आणि ओकच्या लाकडातलं टॅनिन हे आम्ल लोखंडी खिळे खातं. सागाचं तेल लाकूड टिकवतं आणि खिळाही. आपल्याकडे फळ्या नुसत्या शेजारी-शेजारी ठोकत नसत. कडांना खाचा पाडून एक फळी दुसरीत बसवायची, मध्ये कापूस भरायचा. १८१० साली इथून ‘मिंडेन’ पाण्यात उतरली, ७४ तोफांची. ब्रिटनबाहेर बांधलेली ब्रिटिश आरमाराची एवढी मोठी पहिली युद्धनौका. बांधणारे जमशेटजी बोमनजी वाडिया. त्यांच्याच ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ साली ब्रिटन आणि चीनमधला नानकिंगचा तह झाला.

आणि इथेच बांधलेली युद्धनौका ‘त्रिंकोमाली’! तिचे नकाशे ज्या ‘जावा’ जहाजातून येत होते, ते १८१२ साली ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकनांनी जिंकून जाळलं. नकाशांची दुसरी प्रत यावी लागली. १८१७ साली जहाज पाण्यात उतरलं, आणि आज दोनशे वर्षांनंतरही ते इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. तिकीट काढून लोक बघतात. आपल्या शाळांच्या सहली गेटवेपर्यंत येऊन परत जातात. शेजारच्या गोदीत असं जहाज घडलं, हे मुलांना कोणी सांगतही नाही.

पुढे वाफ आली, लोखंड आलं. त्याच वाडिया घरातले अर्देशीर करसेटजी वाफेच्या यंत्रांकडे वळले आणि १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे, म्हणजे तिथल्या नामवंत वैज्ञानिक संस्थेचे, पहिले भारतीय फेलो झाले. माझगाव गोदीत बांधलेली युद्धनौका ‘निलगिरी’ १९७२ साली नौदलात आली, त्यावर खरं तर अर्धा तास हवा होता.

फासळ्या वळणारे, फळ्या जोडणारे शेकडो हात मात्र बिननावाचेच राहिले. मढ, वेसावे, वरळी, कुणाच्याही घरात होडीचं काम करणारे आजोबा असतील, तर खाली चहाच्या टेबलापाशी मला भेटा. रेकॉर्डर सोबत आणलाय.