लिनो मुन्योस : दोन ऑलिम्पिक, चार सामने

[पडद्यावर फक्त गुणफलक : २१-११, २१-१७]

ऑगस्ट २०१६, रिओ द जानेरो. ऑलिम्पिकच्या बॅडमिंटनमध्ये पुरुष एकेरीत किदंबी श्रीकांतचा पहिला सामना. आपल्या वर्तमानपत्रांसाठी ही बातमी चार ओळींची होती : श्रीकांतची विजयी सलामी, मेक्सिकोच्या लिनो मुन्योसवर सरळ गेममध्ये मात. मग गटातला दुसरा सामना आला, स्वीडनच्या हेन्री हुर्सकाइनेनविरुद्ध. मग डेन्मार्कचा यॉर्गेन्सन, आणि शेवटी उपांत्यपूर्व फेरीत चीनचा लिन डॅन. तीन गेमची ती लढत, ६-२१, २१-११, १८-२१, आपल्याकडे अजून लोकांच्या तोंडी आहे.

मुन्योस मात्र पहिल्या बातमीतच मागे राहिला. साहजिक आहे. आपण श्रीकांतच्या बाजूने बसलो होतो, जाळीच्या पलीकडे कोण आहे हे विचारायचं कारणच नव्हतं.

ही फिल्म पलीकडच्या माणसाची आहे.

[नकाशा : मेक्सिको. मेक्सिको सिटी, ग्वादालाहारा, मॉन्तेरे]

लिनो मुन्योस मान्दुहानो. जन्म १९९१. रिओला गेला तेव्हा पंचविशीत होता, टोकियोला गेला तेव्हा तिशीत.

मेक्सिकोत खेळ म्हटलं की आधी फुटबॉल आणि मुष्टियुद्ध, मग बेसबॉल. बॅडमिंटनचा नंबर फार खाली. याचा अर्थ तिथे रॅकेटचे खेळ रुजलेच नाहीत असा नाही. रॅकेटबॉल या भिंतींवर चेंडू मारायच्या खेळात मेक्सिकोची पाओला लोंगोरिया कित्येक वर्षं जगात अव्वल होती. २०११, २०१५ आणि २०१९ या तिन्ही पॅन अमेरिकन, म्हणजे अमेरिका खंडांतल्या देशांच्या, स्पर्धांत एकेरीचं सुवर्ण तिनेच नेलं. पण रॅकेटबॉल ऑलिम्पिकमध्ये नाही. बॅडमिंटन १९९२ पासून आहे. म्हणजे ज्या रॅकेटवर देशाची हुकमत, तिला ऑलिम्पिकचं दार बंद. आणि जिथे दार उघडं, तिथे आशिया आणि युरोप आधीच ठाण मांडून बसलेले.

बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या लष्करी छावणीत आकाराला आले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण या खेळाचा एक शत्रू पुण्याच्या छावणीतल्या साहेबांना फारसा भेटला नसावा. तो मेक्सिको सिटीत भेटतो. समुद्रसपाटीपासूनची उंची.

[दृश्य : शटलचा जवळून घेतलेला फोटो. सोळा पिसं, तळाशी बूच]

मेक्सिको सिटी २,२४० मीटरवर आहे. एवढ्या उंचीवर हवा समुद्रकाठच्या मानाने साधारण पाचव्या हिश्शाने विरळ होते. १९६८ च्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या बॉब बीमनने इथेच ८.९० मीटरची लांब उडी मारली होती, आणि त्या उडीबद्दल बोलताना विरळ हवेचा उल्लेख टळत नाही. उडी मारणाऱ्याला ही हवा थोडीशी मदत करते. शटलचं मात्र अख्खं गणितच ती बिघडवते.

कारण शटल चालतंच मुळी हवेच्या अडथळ्यावर. पाच ग्रॅमच्या आसपास वजन, सोळा पिसांचा घेर. रॅकेटवरून सुटतं तेव्हा प्रचंड वेगात असतं आणि काही क्षणांत हवा त्याचा वेग खाऊन टाकते. जाळीजवळ अलगद पडणारा ड्रॉप, नेटजवळचा नाजूक खेळ, मागच्या रेषेवर बरोबर पडणारा उंच टॉस, हे सगळं त्या वेग कमी होण्याच्या भरवशावर. हवा विरळ झाली की शटल थांबायला तयार नसतं. टॉस बाहेर जातो, ड्रॉप लांब पडतो, स्मॅश घ्यायला वेळ मिळत नाही.

म्हणून शटलच्या डब्यावर आकडे असतात. आपल्याकडेही जो नियमित खेळतो तो ७६, ७७, ७८ असे आकडे बघून डबा घेतो. आकडा लहान तेवढं शटल हलकं आणि हळू. उंचावरच्या शहरांत लहान आकड्याची शटल वापरावी लागतात. चाचणीची रीत नियमात लिहिलेली आहे : मागच्या रेषेवर उभं राहून, खालून वर, पूर्ण ताकदीने शटल मारायचं, ते समोरच्या मागच्या रेषेच्या ५३० ते ९९० मिलिमीटर अलीकडे पडलं पाहिजे. सामन्याआधी पंच खेळाडूंकडून हे करून घेतात.

शटल बदललं की सगळं जागेवर येतं, असं कागदावर दिसतं. पण अंतर जुळलं तरी शटलचा उडण्याचा ढंग जुळत नाही, ते वेगळ्याच तऱ्हेने खाली येतं. अशा हवेत हात तयार झालेला खेळाडू समुद्रकाठच्या रिओत उतरतो तेव्हा त्याला स्वतःचेच फटके पुन्हा मापून घ्यावे लागतात. शिवाय मोठ्या हॉलमध्ये वातानुकूलनाचा वारा असतो, तो वेगळाच.

[आलेख : क्रमवारीचे गुण]

आता मुख्य प्रश्न. मेक्सिकोचा खेळाडू ऑलिम्पिकपर्यंत पोचतो कसा?

जागतिक क्रमवारीसाठी ५२ आठवड्यांतल्या खेळाडूच्या सर्वोत्तम दहा स्पर्धांचे गुण धरतात. रिओच्या वेळचे भाव असे होते : सुपर सिरीज ही बड्या स्पर्धांची पातळी, ती जिंकली तर ९,२०० गुण. लहान स्पर्धांपैकी इंटरनॅशनल चॅलेंज जिंकली तर ४,०००. इंटरनॅशनल सिरीज जिंकली तर २,५००. फ्यूचर सिरीज, १,७००.

आता दुसरा आकडा बघा. सुपर सिरीजच्या बत्तीस जणांच्या मुख्य फेरीत नुसतं पोचून पहिलाच सामना हरलात, तरी २,२२० गुण. म्हणजे सिंगापूर किंवा पॅरिसमध्ये एक सामना खेळून हरलेला आणि अमेरिका खंडातल्या एखाद्या इंटरनॅशनल सिरीजमध्ये आठवडाभर सगळ्यांना हरवून करंडक उचललेला, यांच्या हिशेबात फक्त २८० गुणांचा फरक.

पण सिंगापूरच्या मुख्य फेरीत घुसायला क्रमवारी लागते. आणि क्रमवारी सुधारायला असलेच गुण लागतात. या चक्रातून बाहेर पडायचा गरिबाचा मार्ग एकच : लहान स्पर्धा, पण भरपूर. मेक्सिको, ग्वाटेमाला, पेरू, ब्राझील, क्यूबा, कॅनडा. विमान, बस, एका खोलीत तिघे. या पातळीवर बक्षिसाच्या रकमेत प्रवासखर्च निघाला तरी पुष्कळ. आणि जिथे जावं तिथे समोर तेच चेहरे : क्यूबाचा ओस्लेनी गेरेरो, ग्वाटेमालाचा केव्हिन कोर्दोन.

ऑलिम्पिकच्या पात्रतेत एक सवलत असते, ती नसती तर मुन्योसची गोष्ट इथेच संपली असती. एका देशाचे एकेरीत जास्तीत जास्त दोन खेळाडू, आणि तेही दोघं पहिल्या सोळांत असतील तर, नाहीतर एकच. त्यामुळे चीन, डेन्मार्क, इंडोनेशिया यांच्या तिसऱ्या-चौथ्या खेळाडूंची नावं यादीतून गळतात आणि यादी खाली सरकते. क्रमवारीत पहिल्या पन्नासांच्या बाहेर असलेल्यालाही मग आशा राहते. काही लोकांना हे पटत नाही. चांगले खेळाडू घरी बसवून दुबळे कशाला खेळवायचे, असं ते विचारतात. मला विचाराल तर चीनचा चौथा खेळाडू वर्षभर प्रत्येक मोठ्या स्पर्धेत दिसतोच. मुन्योसला जगाने बघितलं ते ऑलिम्पिकमुळे.

[दृश्य : मार्कम, कॅनडा. २०१५]

रिओच्या आदल्या वर्षी टोरंटोच्या पॅन अमेरिकन स्पर्धा झाल्या. बॅडमिंटन शेजारच्या मार्कम शहरात होतं. तिथे मुन्योसला पदक मिळालं, आणि गंमत म्हणजे ते दुहेरीत : होब कास्तियोबरोबर पुरुष दुहेरीचं कांस्य. भारतात एव्हाना एकेरीवाला वेगळा आणि दुहेरीवाला वेगळा अशी वाटणी पक्की झालेली होती. मेक्सिकोसारख्या देशात ती चैन परवडत नाही, जो बरा खेळतो त्याला दोन्हीकडे उतरावं लागतं. त्याआधी २०११ मध्ये ग्वादालाहाराच्या घरच्या स्पर्धेत विक्तोरिया मोंतेरोने महिला एकेरीचं कांस्य मिळवलं होतं. पुढच्याच वर्षी ती लंडन ऑलिम्पिकमध्ये खेळली.

२०१६ च्या मे महिन्यात मेक्सिकोचा पुरुष संघ थॉमस कप या देशोदेशीच्या पुरुष संघांच्या लढतीच्या मुख्य स्पर्धेत, चीनमधल्या कुनशानला पोचला. गट कुठला मिळाला? चीन, जपान आणि फ्रान्स! यावर अधिक बोलायला नको.

त्याच काळात मेक्सिकोत सरकारी क्रीडा आयोग आणि वेगवेगळे क्रीडा महासंघ यांच्यात पैशांवरून भांडण पेटलेलं होतं. मिसाएल रोद्रिगेस या मुष्टियोद्ध्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्पर्धेच्या प्रवासासाठी बसमध्ये चढून लोकांकडे पैसे मागितले होते. तोच रोद्रिगेस रिओत कांस्यपदक घेऊन आला. मेक्सिकोला तिथे एकूण पाच पदकं मिळाली, त्यांतलं ते एक. ज्या देशात पदकाच्या खेळांची ही अवस्था, तिथे बॅडमिंटनवाल्याच्या तिकिटाची चिंता कोण करणार?

[दृश्य : रिओसेंट्रो, चौथा हॉल]

तर रिओ. २०१२ च्या लंडनपासून ऑलिम्पिकमध्ये गटपद्धत आली. महिला दुहेरीत मुद्दाम हरण्याचं जे लाजिरवाणं प्रकरण लंडनला झालं, त्यामुळे या पद्धतीला शिव्याच जास्त मिळाल्या. पण मुन्योससारख्यांचं तिने भलं केलं. आधी पहिला सामना हरला की सामान बांधायचं. आता निदान दोन सामने नक्की.

श्रीकांतविरुद्धचा पहिला गेम ११ वर आटोपला. दुसऱ्यात मुन्योसने १७ गुण घेतले. सामना हातातून जाईल असं श्रीकांतला कधी वाटलं असेल, असं मी म्हणणार नाही. दोन वर्षांपूर्वी याच श्रीकांतने चायना ओपनच्या अंतिम सामन्यात खुद्द लिन डॅनला त्याच्या घरात हरवलं होतं. पण त्याच्याकडून एका गेममध्ये १७ गुण फुकट मिळत नाहीत, त्यासाठी रॅली जिंकाव्या लागतात. हुर्सकाइनेनविरुद्धही मुन्योस हरला. दोन सामने, दोन पराभव.

[दृश्य : टोकियो, रिकाम्या खुर्च्या]

पाच वर्षांनी टोकियो. चारच वर्षांनी व्हायचं होतं, पण मार्च २०२० मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा संपली आणि जगभरातलं बॅडमिंटन थांबलं. पात्रतेचा काळ गोठवला गेला आणि पुढे जून २०२१ पर्यंत लांबला. तिशीला आलेल्या, लहान स्पर्धांतून गुण गोळा करणाऱ्या माणसासाठी ते वर्ष कसं गेलं असेल, याचा अंदाज करता येतो. मुन्योस टिकला. या वेळी मेक्सिकोकडून महिला एकेरीत हारामारा गायतानही होती. मुसाशिनोच्या हॉलमध्ये प्रेक्षकांना प्रवेश नव्हता.

गटात मुन्योससोबत दोघं. एक हाँगकाँगचा मानांकित एनजी का लाँग. दुसरा, जुना ओळखीचा चेहरा : केव्हिन कोर्दोन.

कोर्दोन ग्वाटेमालाच्या ला उनिओन नावाच्या गावचा. वडील फुटबॉलवेडे, इंग्लंडच्या केव्हिन कीगनवरून मुलाचं नाव ठेवलेलं. वय ३४, चौथं ऑलिम्पिक. रिओत तो गुडघा दुखावून बाहेर पडला होता. मुन्योस दोघांकडूनही हरला, गटात तिसरा आला. नेहमीप्रमाणे बातमी झाली नाही.

बातमी झाली ती कोर्दोनची. त्याने एनजी का लाँगला २२-२०, २१-१३ असं घरी पाठवलं. मग नेदरलँड्सच्या मार्क काल्याऊला. मग उपांत्यपूर्व फेरीत कोरियाच्या हिओ क्वांग-हीला, २१-१३, २१-१८. हा तोच हिओ, ज्याने गटात अव्वल मानांकित केंटो मोमोटाला बाहेर काढून जपानला हादरा दिला होता. जिंकल्यावर कोर्दोन कोर्टवरच आडवा पडून रडला. उपांत्य फेरीत डेन्मार्कच्या अ‍ॅक्सेलसनने पहिल्या गेममध्ये त्याला १८ पर्यंत येऊ दिलं, दुसऱ्यात ११ वर संपवलं. कांस्याच्या सामन्यात तो इंडोनेशियाच्या गिंटिंगकडून हरला. चौथा.

मुन्योसच्या गोष्टीत मला हे सगळ्यात जास्त खुपतं. कोर्दोन त्याच हवेतला, तशाच हॉलमधला, त्याच तुटपुंज्या गुणांच्या स्पर्धांतला. ज्याच्याशी वर्षानुवर्षं एकाच खंडात खेळलास, तो तुझ्याच गटातून उठून ऑलिम्पिकची उपांत्य फेरी खेळतो. आशियाई खेळाडूंकडे अकादम्या आहेत, सराव करून घेणारे साथीदार आहेत, सगळं मान्य. पण कोर्दोनकडे यातलं काय होतं? मुन्योसवर अन्याय झाला असं म्हणायचं कारण नाही. कोर्दोन त्याच्यापेक्षा चांगला खेळाडू होता, डावखुरा, हाताने कमालीचा फसवा, आणि त्या आठवड्यात त्याचं सगळं जमून आलं. तरीही कोर्दोनच्या त्या आठवड्यानंतर गुणफलकाकडे बघताना एक फरक पडतो. मेक्सिको किंवा ग्वाटेमाला हे नाव दिसलं की सामना आधीच संपला, असं समजून चॅनेल बदलता येत नाही.

[दृश्य : पॅरिस, पोर्त द ला शापेल]

२०२४ ला पॅरिसमध्ये कोर्दोन पुन्हा आला, सदतिसाव्या वर्षी. लक्ष्य सेनविरुद्ध पहिला गेम ८ वर हरला, दुसरा २०-२२ असा. मग कोपराच्या दुखापतीने त्याने माघार घेतली आणि नियमानुसार तो सामनाच रद्द धरला गेला. लक्ष्यचा विजय हिशेबातून पुसला गेला, आठवत असेल.

मेक्सिकोच्या जागेवर या वेळी मुन्योस नव्हता. लुईस रामोन गारिदो होता, जन्म १९९६, मॉन्तेरेचा. मॉन्तेरे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, जवळजवळ पुण्याएवढं. तिथे शटल मेक्सिको सिटीइतकं पळत नाही.