घशाला चिकटायचं कसं?

मंडळी, बोलायला उभं राहण्याआधी मी एक आवंढा गिळला. तुमच्यापैकीही काहींनी आत्ता गिळला असेल. दिवसभरात साधारण लिटरभर लाळ याच वाटेने खाली जाते. घशाच्या भिंतीवर नुकत्याच उतरलेल्या जिवाणूसाठी हा पूरच. वाहून पोटातल्या आम्लात पडला की खेळ खलास. म्हणून घसादुखी आणणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनीस या जिवाणूबद्दल बोलताना मी त्याच्या विषांपासून सुरुवात करत नाही. आधी मुक्काम, मग उपद्व्याप.

हे बेणं दिसतं कसं? घशावरून फिरवलेला कापसाचा बोळा रक्त घातलेल्या अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर, ओढून ठेवा. दुसऱ्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके दिसतात आणि प्रत्येकाभोवती स्वच्छ, पारदर्शक कडं. तिथल्या तांबड्या पेशी फुटलेल्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली गोल मण्यांची माळ दिसते.

आता अडचण अशी, की जिवाणूचा पृष्ठभाग ऋणभारित आणि आपल्या पेशीचाही. दोघं एकमेकांना ढकलतात. पहिला हात लावतं ते प्रथिनच नव्हे. जिवाणूच्या पृष्ठभागावरच्या लायपोटायकोइक आम्ल या रेणूचं स्निग्ध टोक पेशीवर टेकतं, पण ही पकड कच्ची. चालताना धोतराला आघाड्याची कुसळं लागतात ना, तशी. झटकली तर पडतील. खरी गाठ मारतात पृष्ठभागावरची प्रथिनं.

त्यातलं सर्वांत नावाजलेलं एम प्रथिन. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये रिबेका लान्सफिल्ड यांनी १९२८ मध्ये त्यावरचं काम प्रसिद्ध केलं. त्या जिवाणू आम्लात उकळून काढायच्या आणि तरीही त्या अर्कातलं एम प्रथिन आपली ओळख टिकवून असायचं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि इथे खरोखरच पीळ आहे: दोन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या, लांबी सुमारे ५० नॅनोमीटर. तळाशी पाच अमिनो आम्लांची एक खूण असते. सॉर्टेज नावाचं विकर ती ओळखतं, तिथे कापतं आणि मोकळं झालेलं टोक पेशीभित्तीला शिवून टाकतं. वरचं टोक मात्र प्रत्येक प्रकारात निराळं. असे २००हून जास्त प्रकार आहेत, लस रखडण्याचं हे एक मोठं कारण. दुसरं कारण जास्त कटू आहे. हा पीळ हृदयाच्या स्नायूतल्या मायोसिन या प्रथिनासारखा दिसतो. जिवाणूवर सोडलेली प्रतिपिंडं मग घरच्यांवरच उलटतात, आणि लहानपणीच्या घसादुखीचा हिशेब काही जणांना पुढे हृदयाच्या झडपांच्या दुखण्यात चुकता करावा लागतो.

मला स्वतःला एमपेक्षा फायब्रोनेक्टिन पकडणारी प्रथिनं जास्त लबाड वाटतात. फायब्रोनेक्टिन हे आपलंच प्रथिन. रक्तात आणि ऊतींत असतं, पेशींना एकमेकींशी जोडून ठेवतं. पेशींवरचे इंटेग्रिन, म्हणजे पकड घेणारी प्रथिनं, त्याला ओळखतात. जिवाणू स्वतःच्या अंगावरच्या प्रथिनाने फायब्रोनेक्टिनचं एक टोक धरतो आणि दुसरं पेशीपुढे करतो. दारात ओळखीचा माणूस उभा केल्यावर दार उघडणारच! पेशी नुसती चिकटवून घेत नाही, कधी कधी त्याला आत ओढून घेते. पेनिसिलिन पेशींच्या आत फारसं पोहोचत नाही, तेव्हा औषधानंतरही जिवाणू उरण्यामागे हे एक कारण असावं असं मानतात.

शिवाय अंगावर बारीक तंतू असतात, पिली. २००७ मध्ये ऑकलंडच्या संशोधकांना तंतूच्या प्रथिनात एक नवल सापडलं: लायसिन आणि अ‍ॅस्पॅरजिन या दोन अमिनो आम्लांत आपोआप जुळणारा पक्का सहसंयुज बंध. असा बंध घड्यांना आतून टाका घालतो, ताणलं तरी उसवत नाही. असाच बंध या जिवाणूच्या एका फायब्रोनेक्टिन-पकड्या प्रथिनातही आहे. ऑक्सफर्डमध्ये त्या प्रथिनाच्या भागाचे दोन तुकडे केले गेले. एक फक्त १३ अमिनो आम्लांचा. दोन्ही समोरासमोर आले की स्वतःहून कायमचे जुळतात. २०१२ पासून स्पायटॅग आणि स्पायकॅचर या नावांनी प्रयोगशाळांत प्रथिनं जोडायला ते वापरले जातात. नावातला स्पाय म्हणजे गुप्तहेर नव्हे बरं का. स्ट्रेप्टोकॉकसमधला ‘एस’ आणि पायोजेनीसमधला ‘पाय’.