हुबेहूब डबा आणि आपला क्लेम

भोसरीत आमचा छोटासा कारखाना आहे, नऊ माणसं, शेतातल्या मोटरपंपाचे कंट्रोलर बनवतो. विहिरीचं पाणी संपलं की मोटर बंद करायची, कोरडी फिरू द्यायची नाही, एवढंच काम, आणि त्याचं पेटंट आहे आमच्याकडे. तर एक दिवस शिरूरकडचे एक काका डबा घेऊन आले, म्हणाले "तुमचाच आहे, वॉरंटीत करून द्या." तो आमचा नव्हताच! रंग तोच, स्टिकर तसाच, उघडून बघितलं तर आमच्या बोर्डवर माझ्या चुकीने राहिलेला एक रिकामा पॅड (भाग सोल्डर करायची धातूची जागा) आहे, कशालाच न जोडलेला, तोसुद्धा जसाच्या तसा उचललेला. डोकंच फिरलं. वकीलबाईंना फोन केला, नोटीस ठोका म्हटलं.

त्या म्हणाल्या, आधी स्वतःचा क्लेम वाचा.

खरं सांगतो, पेटंट मिळाल्यापासून मी तो वाचलाच नव्हता. वर्णन, आकृत्या सगळं छान असतं हो, पण हद्द ठरते शेवटच्या नंबर घातलेल्या वाक्यांत, त्यांनाच क्लेम म्हणतात, जमिनीच्या मोजणीच्या नकाशासारखी. आमच्या क्लेममध्ये तीन गोष्टी: व्होल्टेज आणि करंटमधल्या फेजच्या फरकावरून (म्हणजे करंट व्होल्टेजच्या किती मागे पडतो त्यावरून) मोटर कोरडी चाललीये हे ओळखायचं, बंद करायची, आणि परत कधी सुरू करायची ते मागच्या वेळी पाणी किती वेळ टिकलं त्यावरून ठरवायचं. मग डावीकडे हे तुकडे आणि उजवीकडे समोरच्याच्या डब्यात ते कुठे दिसतात असा तक्ता करायचा, याला क्लेम चार्ट म्हणतात. एक जरी खाना रिकामा राहिला तर प्रकरण लंगडं. म्हणजे थोडा फरक असला तरी चालतं असा युक्तिवाद कोर्टात होतो, पण नऊ माणसांच्या कंपनीने त्याच्या भरवशावर जाऊ नये असं माझं मत.

त्या हुबेहूब डब्यात? नुसता करंट बघायचा आणि अर्ध्या तासाचा फिक्स टायमर. दोन खाने रिकामे! आकुर्डीच्या बजाजचं आठवा, २००७ साली टीव्हीएसच्या फ्लेम मोटरसायकलवरून झालेलं पेटंटचं भांडण, इंजिनात दोन स्पार्क प्लग तर दोन्हीकडे होते, पण व्हॉल्व्ह किती यावरही वाद झाला. मद्रास हायकोर्टाने २००८ मध्ये दिलेली मनाई २००९ मध्ये त्याच कोर्टाच्या खंडपीठाने उठवली.

मग आमचा क्लेम खरंच वापरणारा कोण सापडला? एका स्टार्टर पॅनेलचं मॅन्युअल, पीडीएफ, फुकट डाउनलोड. दिसायला आमच्याशी काडीचा संबंध नाही, पण पान ११ वर लिहिलंय, पॉवर फॅक्टर (म्हणजे तोच फेजचा फरक) बघून ड्राय रन ओळखतो आणि रीस्टार्टचा वेळ आपोआप जुळवतो. माणसं जाहिरातीत स्वतःच सांगून टाकतात हो! म्हणून आता मी दर महिन्याला मॅन्युअलं वाचतो, टेंडरची स्पेसिफिकेशन्स वाचतो, पुण्यातल्या इलेक्ट्रिकल बाजारात, तापकीर गल्लीत चक्कर मारतो, रिपेअरवाल्यांशी चहा पितो, आणि गूगल पेटंट्सवर आमच्या पेटंटचा दाखला कुणी दिलाय ते बघतो, कारण ते लोक बहुतेक त्याच कामात असतात. वायरलेस वस्तू अमेरिकेत विकली जात असेल तर तिथल्या एफसीसी या दूरसंचार नियामकाच्या साइटवर आतले फोटोसुद्धा बरेचदा मिळतात, स्क्रू न काढता.

मॅन्युअल म्हणजे पुरावा पुरा झाला असं नाही. दोन पॅनेल बिलावर घेतली, एक सीलबंद ठेवलं, दुसरं अंगणात पाण्याच्या पिंपावर मोटर लावून ऑसिलोस्कोपने तपासलं, पिंप रिकामं होताना व्हिडिओ काढला. तिन्ही खाने भरले.

आणि हो, तोवर डीलरांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर "अमका चोर आहे, कोर्टात खेचतो" असं टाकू नका, पेटंट कायद्याच्या कलम १०६ खाली बिनबुडाच्या धमकीबद्दल तोच तुमच्यावर दावा लावेल. पेटंट अजून मंजूर व्हायचं असेल तर दावाही लावता येत नाही, नोंदी मात्र ठेवा.

एक चूक आमचीही. कलम १११ प्रमाणे समोरच्याला पेटंटची खरंच कल्पना नव्हती, असण्याचं कारणही नव्हतं, हे त्याने दाखवलं तर भरपाई मिळत नाही, आणि वस्तूवर नंबर न देता नुसतं 'पेटंटेड' छापणं त्यासाठी पुरत नाही. आमच्या पहिल्या दोनशे डब्यांवर नुसतं 'पेटंटेड' आहे.