सप्टेंबरच्या आधीचे दहा दिवस

(दृश्य: ऑगस्ट संपत आलेला. लंडनमधल्या एका शाळेचं बंद फाटक, आत रिकामं पटांगण.)

इंग्लंडमधल्या शाळा साधारण सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उघडतात. भारतातून आलेल्या शिक्षकाचं या शहरात बस्तान कसं बसणार, हे बरंचसं त्याआधीच्या दहा दिवसांत ठरतं. एकदा शाळा सुरू झाली की बँक, घर दाखवणारा एजंट आणि दवाखाना यांच्या वेळा आणि तुमच्या तासांच्या वेळा एकच. मधल्या सुट्टीत फोन करू म्हणाल, तर नेमकी तेव्हा पटांगणावर ड्यूटी लागलेली असते.

काही कामं मात्र निघण्याआधीच उरकायला हवीत. पोलीस क्लिअरन्सचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून मायदेशीच घ्या; परदेशात गेल्यावर तोच दाखला दूतावासामार्फत मिळवणं वेळखाऊ असतं. शाळेत रुजू होताना डीबीएस नावाची पार्श्वभूमीची तपासणी होते. तिच्यात मागच्या ५ वर्षांतले सगळे पत्ते महिन्यानिशी द्यावे लागतात आणि मध्ये खंड चालत नाही. बदलीच्या काळात महिनाभर मामाकडे राहिला असाल, तर तो महिनाही लिहायचा. अर्ज परत येतात ते बहुतेक अशा विसरलेल्या महिन्यांमुळेच.

क्यूटीएस, म्हणजे इंग्लंडमधली शिक्षकाची अधिकृत पात्रता. गणित, विज्ञान किंवा भाषा ११ ते १६ वयाच्या मुलांना शिकवण्यासाठी पात्र असलेल्या भारतीय शिक्षकांना ती मिळवण्याचा थेट अर्ज फेब्रुवारी २०२३ पासून खुला झाला. ती नसतानाही परदेशात प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकाला ४ वर्षं शिकवता येतं, पण पगार खालच्या श्रेणीतला मिळू शकतो. करार करतानाच श्रेणी विचारून घ्या.

(दृश्य: टेबलावर मोबाइल. पडद्यावर नऊ अक्षरी कोड.)

घोडं अडतं ते पत्त्यावर. बँक पत्ता मागते, घरमालक पगाराचा पुरावा मागतो आणि पगार जमा व्हायला बँकेचं खातं लागतं. ही गाठ सोडवायला एक महिन्यापुरती खोली घ्या. मोबाइलवर चालणाऱ्या बँका बहुधा पत्त्याचा कागद मागत नाहीत, कार्ड पोचेल असा पत्ता त्यांना पुरतो. खातं उघडलं की शाळेकडून वार्षिक पगार लिहिलेलं पत्र मागून घ्या आणि मग घर बघा. न पाहिलेल्या घरासाठी भारतातून पैसे पाठवू नका. फोटो सुंदर आणि मालक सदैव परगावी, ही फसवणुकीची जुनी रीत आहे.

घर द्यायच्या आधी मालकाला तुमचा राहण्याचा हक्क तपासावा लागतो. त्यासाठी ई-व्हिसाच्या, म्हणजे ऑनलाइन व्हिसाच्या, खात्यातून शेअर कोड काढायचा; तो दिला की समोरच्याला तुमचा हक्क ऑनलाइन तपासता येतो. इथे एक बारीक चूक नेहमी होते: नोकरीसाठीचा कोड डब्ल्यू अक्षराने सुरू होतो, घरासाठीचा आर अक्षराने. शाळेला दिलेलाच कोड एजंटला दिला तर तपासणी अडते. कोड ९० दिवस चालतो, संपला तर नवा काढता येतो.

आता पैशांचं गणित. वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल, तर डिपॉझिट ५ आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि घर राखून ठेवायची रक्कम १ आठवड्यापेक्षा जास्त नाही. समजा, भाडं महिना १,३०० पौंड. बाराने गुणून ५२ ने भागलं की आठवड्याचे ३०० येतात. म्हणजे डिपॉझिट १,५००, पहिलं भाडं १,३००, एकूण २,८०० पौंड हाताशी हवेत. वर सप्टेंबरअखेरच्या पगारापर्यंतचा खर्च वेगळा. डिपॉझिट सरकारमान्य योजनेत ३० दिवसांत जमा करणं मालकावर बंधनकारक असतं. पण मालक त्याच घरात राहत असेल आणि तुम्ही एक खोली घेतली असेल, तर हे संरक्षण लागू होत नाही. तेव्हा पावती आणि खोलीचे तारखेसकट फोटो एवढाच आधार.

शाळेच्या अगदी दारात घर नको. शनिवारी दूध आणायला गेलात तरी नववीचा अर्धा वर्ग भेटतो. पाऊण तासाचा प्रवास ठीक, पण तो रविवारी नव्हे, कामाच्या दिवशी सकाळी सातला करून पाहा. ट्यूबमध्ये, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेत, शिरताना भाड्यासाठी यंत्रावर मोबाइल टेकवला आणि बाहेर पडताना कार्ड, तर यंत्राला ते दोन वेगळे प्रवासी वाटतात. दोन्ही प्रवास अपुरे धरले जाऊन दुप्पट भुर्दंड बसतो. बसमध्ये फक्त चढताना टेकवायचं.

रुजू होताना स्टार्टर चेकलिस्ट हा कराचा फॉर्म भरायला विसरू नका. नाहीतर १२,५७० पौंडांची करमाफी न धरताच कर कापला जाऊ शकतो. भरला, आणि ६ एप्रिलपासूनची (तिथलं करवर्ष तेव्हा सुरू होतं) ही तुमची पहिलीच नोकरी असली, तर उलटा प्रकार होतो. एप्रिलपासून साठलेली माफी एकदम मिळते, त्यामुळे पहिले एक-दोन महिने आयकर जवळपास लागतच नाही. तेव्हा हातात पडणारा पगार कायमचा समजून मोठं घर घेणारे नोव्हेंबरात अडचणीत येतात.

(दृश्य: रिकामा वर्ग. दारावर चिकटवलेला बसण्याचा आराखडा.)

मुलं येण्याआधी एक-दोन दिवस फक्त शिक्षकांसाठी असतात. त्यात भाषणं भरपूर होतात, पण तुम्ही मागून घ्यायचं ते वेगळं: संगणकाचा लॉगिन, फोटोकॉपीचा कोड, विशेष गरजा असलेल्या मुलांची यादी आणि शाळेचं वर्तनविषयक धोरण. हे शेवटचं पाठच करा.

तासाला दारात उभं राहा, एक नजर कॉरिडॉरवर आणि एक वर्गावर. फळ्यावर पाच मिनिटांचं काम आधीच लिहिलेलं असू द्या. उभं राहून एका सुरात ‘गुड मॉर्निंग’ बहुतेक शाळांत होत नाही. तो अपमान समजू नका. ‘शांत बसा’ पाचदा म्हटलंत की सहाव्यांदा कोणी ऐकत नाही. पाचापासून उलटे आकडे मोजा, थांबा, आणि बोलणाऱ्याला धोरणात लिहिलेली पहिली ताकीद द्या. पायरी गाळून थेट बाहेर काढलंत, तर सगळा वर्ग त्याच्या बाजूने जातो. कान धरणं, टपली मारणं विसरा. सरकारी शाळांत शारीरिक शिक्षेवर १९८७ पासून बंदी आहे आणि यात नोकरी जाते.

तास संपल्यावर एखादं मूल रेंगाळतं आणि म्हणतं, “मिस, कुणाला सांगणार नाही ना?” तसं वचन देऊ नका. ऐका, खोदून विचारू नका. मुलाचेच शब्द जसेच्या तसे लिहा आणि त्याच दिवशी डीएसएल, म्हणजे बालसुरक्षेसाठी नेमलेल्या व्यक्तीकडे द्या. घरी जाऊन उद्या बघू, हे इथे चालत नाही.

ऑक्टोबरअखेरीस आठवडाभर सुट्टी येते. राहून गेलेली दवाखान्याची नोंदणी तेव्हा करून टाका. त्यासाठी पत्त्याचा पुरावा कायद्याने सक्तीचा नाही. आणि नोकरी सोडायचा विचार मनात असेल, तर बहुतेक सरकारी शाळांत डिसेंबरअखेर निघण्यासाठी राजीनाम्याची मुदत ३१ ऑक्टोबर असते, म्हणजे नेमकी याच सुट्टीच्या आसपास. पण तुमचा व्हिसा शाळेने प्रायोजित केलेला असेल, तर नव्या शाळेचं प्रायोजकत्व हातात येईपर्यंत ते पत्र खिशातच राहू द्या.