मागचा शॉकअप: जुन्या गाडीला नवा जोड

(दृश्य: भांडुप पश्चिमेची गल्ली. गॅरेजसमोर डबल स्टँडवर उभी असलेली आरएक्स १००.)

यामाहा आरएक्स १०० भारतात १९८५ साली आली आणि १९९६ साली तिचं उत्पादन थांबलं. मुंबईत आज जी आरएक्स दिसते ती एक तर वडिलांची असते, नाहीतर कुणीतरी हौसेने शोधून घेतलेली. अशा गाडीच्या इंजिनावर मालकाची माया असते. सिलिंडर बोअर होतो, कार्ब्युरेटर साफ होतो, टाकीला नवा रंग लागतो. मागचे शॉकअप मात्र तसेच राहतात, कारण ते एका दिवसात जात नाहीत. हळूहळू सैल होत जातात आणि चालवणाऱ्याच्या ते अंगवळणी पडतं.

ही गाडी चालवणारा तरुण रोज बायकोला मागे बसवून भांडुपहून परळला जातो. हायवेने सायन, तिथून दादर, मग परळ. त्याची तक्रार साधी आहे. उड्डाणपुलाच्या सांध्यावरून गेलं की गाडी दोन-तीनदा हेलकावते. पेव्हर ब्लॉकचा उखडलेला पट्टा आला की मागचं चाक बाजूला सरकतं. आणि बायकोची कंबर संध्याकाळपर्यंत दुखते.

तो विचारतो, "काका, कुठल्या कंपनीचे शॉकअप टाकू?"

मिस्त्रीकाका उत्तर देत नाहीत. ते उलट विचारतात, "तुझं वजन किती? आणि सूनबाई रोज मागे असते का?"

आमच्या मते सगळी निवड या दोन प्रश्नांवर उभी आहे. बाजारात मात्र ते कुणी विचारत नाही. तिथे विचारतात गाडी कुठली आणि बजेट किती.

(दृश्य: काकांचे हात. मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवतात.)

नवीन शॉकअप घेण्याआधी काका चिमटा, म्हणजे मागचं चाक धरणारा स्विंगआर्म, तपासतात. चाक आडवं हलवल्यावर 'खट' असा आवाज आला, तर चिमट्याचं बुश, म्हणजे त्याच्या सांध्यातलं अस्तर, खाल्लं गेलंय. चाकाचं बेअरिंग गेलं असेल तरी असाच खेळ जाणवतो. मागचं चाक सरकण्याचं कारण पुष्कळदा इथेच सापडतं, आणि मग कितीही महागडा शॉकअप लावला तरी गाडी तशीच सरकते. टायरमधली हवाही इथेच बघून घ्यायची. या गाडीचं बुश थोडं ढिलं निघालं, ते आधी बदललं.

मग शॉकअप. सीटचा मागचा भाग जोरात दाबून सोडायचा. चांगला शॉकअप वर येतो आणि तिथेच थांबतो. हा वर आला, खाली गेला, पुन्हा वर आला. काका वरचं पत्र्याचं कव्हर सरकवून आत टॉर्च मारतात. रॉडवर तेलाची काळी चिकट रेघ आहे आणि क्रोमवर बारीक खड्डे पडलेत. ते नखाला लागतात. मुंबईच्या खाऱ्या हवेत क्रोम असंच चावलं जातं. असा रॉड दर खड्ड्याला ऑइल सीलमधून आत-बाहेर होतो आणि सील फाडत राहतो. नुसतं सील बदलून उपयोग नाही, नवं सीलही थोड्याच दिवसांत फाटेल.

"भरून देतो" म्हणणारे पुष्कळ आहेत. जुना शॉकअप उघडायचा, जाड तेल ओतायचं, पुन्हा बंद करायचा. काही शॉकअप मुळातच उघडण्यासाठी बनवलेले असतात, त्यांचं काम व्यवस्थित होतं. तोंड दाबून बंद केलेला शॉकअप कापून, वेल्डिंग करून परत देणारा माणूस मात्र टाळावा. मागे माणूस बसणार असेल तर नक्कीच.

(दृश्य: स्प्रिंग आणि तेलाचं नळकांडं वेगळं करून टेबलावर.)

शॉकअपमध्ये कामं दोन आहेत आणि ती दोन वेगळे भाग करतात. स्प्रिंग वजन तोलते. आतलं तेल पिस्टनच्या बारीक भोकांतून जाताना स्प्रिंगच्या उसळीला लगाम घालतं. स्प्रिंग कडक आणि तेल कमजोर असलं की गाडी चेंडूसारखी उडते. म्हणून जुन्या, थकलेल्या शॉकअपवर नुसती जाड स्प्रिंग चढवायचा सल्ला आम्हाला पटत नाही. दाबलेली कडक स्प्रिंग परतताना जास्त जोर लावते आणि तो जोर धरणारं तेलच आत उरलेलं नसतं.

आता वजनाचा हिशोब. उदाहरणासाठी आकडे धरू. चालवणारा ७५ किलोचा. त्याच्या वजनातले साधारण ४५ किलो मागच्या चाकावर येतात, बाकीचे पुढच्या. मागे बसणारी व्यक्ती ६० किलोची. ती जवळजवळ मागच्या चाकावरच बसलेली असते, म्हणजे तिचे ५५ किलो तरी मागेच. एकटा असताना ४५, जोडीने १००. मागच्या स्प्रिंगांवर माणसांचा भार दुपटीहून जास्त झाला.

दोन्ही स्प्रिंगा मिळून एक मिलिमीटर दबायला ४ किलो लागतात असं समजू. एकटा बसला की ११ मिलिमीटर, दोघं बसले की २५. गाडीच्या स्वतःच्या वजनाने आधीच दबलेले १० मिलिमीटर त्यात मिळवा. जोडीने ३५. शॉकअपची एकूण चाल, म्हणजे तो जास्तीत जास्त जितका दबू शकतो ते अंतर, ७५ असेल, तर खड्ड्यासाठी उरले ४०. स्प्रिंग जुनी होऊन बसलेली असेल तर त्याहून कमी. हे ४० संपले की शॉकअप तळाला आपटतो, आणि तो दणका थेट मागे बसणाऱ्याच्या कण्यात जातो.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. शॉकअपच्या खालची खाचांची रिंग सी-पान्याने फिरवली की शॉकअप 'कडक' होतो, असं सगळे म्हणतात. स्प्रिंग तितकीच कडक राहते. रिंग वर सरकली की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते, त्यामुळे बसल्यावर गाडी कमी खाली जाते. पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला पूर्वीइतकेच ४ किलो लागतात. म्हणून रिंग शेवटच्या खाचेवर नेऊनही गाडी जोडीने खाली बसत असेल, तर तुम्हाला रिंग नव्हे, वेगळी स्प्रिंग हवी.

(दृश्य: टेप. मागच्या अॅक्सलपासून सीटखालच्या खुणेपर्यंत.)

हे घरी मोजता येतं. डबल स्टँडवर मागचं चाक अधांतरी असताना अॅक्सलपासून वरच्या एका ठरावीक खुणेपर्यंत माप घ्या. मग गाडी स्टँडवरून उतरवा, नेहमीसारखं बसा, पाय वर घ्या, आणि दुसऱ्याला तेच माप घ्यायला सांगा. दोन्हीतला फरक चाकाच्या एकूण चालीच्या साधारण तीस टक्के असावा. जुन्या शंभर-दीडशे सीसीच्या गाड्यांत तो अंदाजे २५ ते ३० मिलिमीटर येतो. रोज डबल सीट असेल तर डबल सीटनेच मोजा. या तरुणाने आधी एकट्याने मोजलं होतं आणि माप बरोबर आलं होतं. दोघं बसल्यावर तेच माप पार बिघडलं.

(दृश्य: कुर्ला, सीएसटी रोड. दुकानांबाहेर लटकलेले शॉकअप.)

बाजारात पर्याय भरपूर आहेत. गॅब्रिएल, एन्ड्युरन्स, मुंजाल शोवा या कंपन्या मोठ्या गाडी कंपन्यांना शॉकअप पुरवतात आणि सुटे भाग म्हणूनही विकतात. गॅब्रिएल तर आपल्याच मुंबईशी जोडलेलं नाव. १९६१ ची ही कंपनी, तिचा कारखाना मुलुंडला होता. रोजच्या प्रवासासाठी अशा नावाजलेल्या कंपनीचा, तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला जोड हा आमचा पहिला सल्ला. तो दिसायला साधा असतो. पण त्याची लांबी, बुश आणि स्प्रिंग तुमच्या गाडीच्या वजनाचा विचार करून ठरलेली असते.

त्यापुढे परदेशी नावं. थायलंडची वायएसएस, इंग्लंडची हॅगन, १९७६ साली सुरू झालेली स्वीडनची ओहलिन्स. यातल्या काहींना तुमचं वजन सांगितलं की ते स्प्रिंग त्याप्रमाणे देतात, आणि जास्तीच्या पैशांचं खरं मोल तिथे आहे. आरएक्सवर ओहलिन्स लावणं हा हौसेचा मामला झाला. हौस वाईट नाही, पण आधी घरातली कंबर दुखायची थांबू दे.

सगळ्यात लोकप्रिय तिसरा मार्ग म्हणजे दुसऱ्या गाडीचे शॉकअप. पल्सरचे गॅसवाले जोड आरएक्सवर बसवलेले तुम्ही पाहिले असतील. आरएक्स साधारण शंभर किलोची गाडी, पल्सर १५० तिच्यापेक्षा चाळीसेक किलोंनी जड. जड गाडीची स्प्रिंग हलक्या गाडीवर आली की एकटा माणूस दगडावर बसल्यासारखा बसतो. जोडीने चालवणाऱ्याला तोच शॉकअप मानवूही शकतो. म्हणून मित्राने लावला आणि त्याला आवडला, एवढ्यावर घेऊ नका. त्याचं वजन विचारा.

गॅसचा फायदा खरा आहे. सलग खड्ड्यांत तेल आणि हवा घुसळून फेस होतो, आणि फेस पिस्टनला अडवू शकत नाही. नायट्रोजनचा दाब तो फेस होऊ देत नाही. पण बाजूला डबी लावलेला प्रत्येक शॉकअप गॅसचा नसतो. स्वस्तातल्या कित्येक जोडांवरची रंगीत डबी नुसती शोभेची असते, आत काही नसतं. दुकानात शॉकअप उभा धरून त्यावर अंगाचा भार टाका. जाताना दमाने गेला पाहिजे, परतताना त्याहून दमाने आला पाहिजे, आणि आतून 'गुळगुळ' ऐकू येता कामा नये. आडवा पडून राहिलेला साधा तेलाचा शॉकअप पहिल्या काही वेळा गुळगुळ करेल. उभा धरून दाबत राहिलात की तो आवाज जातो. मग जोडीतला दुसरा तसाच दाबा. दोघांचा परतीचा वेग सारखा हवा.

चोरबाजारात कधी जुना, न वापरलेला, कंपनीच्या खोक्यातला जोड मिळतो. हात शिवशिवतात. पण वीस वर्षं खोक्यात पडलेल्या सीलचं रबर कडक झालेलं असतं. नवे सील टाकता येत असतील तरच घ्या.

(दृश्य: जुना आणि नवा शॉकअप शेजारी शेजारी, वर पट्टी.)

मापांबाबत आम्ही हट्टी आहोत. जुना शॉकअप काढून सोबत न्यायचा. वरच्या डोळ्याच्या (बोल्ट जातो त्या भोकाच्या) मध्यापासून खालच्या डोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी मोजायची. बुशचं भोक आणि रुंदी कॅलिपरने बघायची. भोक मोठं असेल आणि दुकानदार "वॉशर टाकून बसेल" म्हणत असेल, तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जायचं.

लांबी दहा-पंधरा मिलिमीटरने जास्त असली तर काय बिघडतं? मागचा भाग उचलला जातो, पुढच्या फोर्कचा कल उभा होतो. गाडी वळायला चपळ वाटते, पण वेगात तिची सरळ रेषेतली स्थिरता कमी होते. साइड स्टँडवर गाडी जास्त कलते. चेनचा ताणही बदलतो. शॉकअप उंच करण्यासाठी खाली लावायचे जोडतुकडे मिळतात, ते तर लावूच नका. त्यांनी बोल्टवर वाकवणारा जोर येतो, आणि तो बोल्ट त्यासाठी बनलेला नाही. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत खुपसायचे रबराचे तुकडेही तसेच. ती वेटोळी अडकतात आणि सगळा ताण शेजारच्यांवर जातो.

(दृश्य: बसवणी.)

बसवताना एक बाजू पूर्ण करून मगच दुसरी काढायची, म्हणजे चिमटा लोंबत नाही. नट आधी हाताने घट्ट, शेवटचा आवळ गाडी चाकांवर उभी करून. अधांतरी आवळलं की बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं. एका बाजूला चेनकव्हर, दुसऱ्या बाजूला सायलेन्सर. गॅसच्या शॉकअपचं अंग जाड असतं, ते कुठे घासतंय का हे दोघांना बसवून, गाडी दाबून बघायचं.

या गाडीला शेवटी आरएक्ससाठीच बनवलेला गॅसचा जोड बसला. रिंग तिसऱ्या खाचेवर. दोघांना बसवून माप घेतलं, थोडं जास्त आलं, म्हणून काकांनी रिंग आणखी एक खाच वर नेली.

"पाचशे किलोमीटर झाले की परत ये," ते म्हणतात. "नट बघू, रॉड बघू, माप परत घेऊ. स्प्रिंग सुरुवातीला थोडी बसते. आणि सूनबाईला घेऊन ये, तिच्याशिवाय माप नाही व्हायचं."