अण्णांची करंगळी

(दृश्य: पहाट. गोठा. मोटर सुरू होण्याचा आवाज.)

वाळवा तालुक्यातल्या या गोठ्यात पहाटे साडेचारला कडबाकुट्टी सुरू होते. उसाचं वाडं कापायचं, म्हशींपुढे टाकायचं, मग धारा. याच यंत्रात अण्णांचा उजवा हात सापडला. मनगटाच्या वर चार बोटांच्या अंतरापर्यंत तुटला. वाडं आता ते डाव्या हातानं सारतात.

"हात न्हाई, पर बोटं हायेत," अण्णा सांगतात. "करंगळी तर रात्री ठणकती."

हा भास म्हणून सोडून देऊ नका. कोपर कशावर आपटलं की झिणझिण्या थेट करंगळीत जातात ना, तीच ही नस. अल्नर. अण्णांच्या हातात तिचं खालचं टोक तुटलंय, पण करंगळी वाकव म्हणून मेंदूकडून येणारी वर्दी आजही कोपरामागून खाली उतरते. वाकायला करंगळी नाही, एवढंच.

ती वर्दी ऐकता येते. १९२६ साली केंब्रिजमध्ये एडगर एड्रियन आणि इंगवे झॉटरमन या शास्त्रज्ञांनी बेडकाच्या एका बारीक स्नायूचे तुकडे काढत काढत शेवटी त्याच्या नसेतल्या एकाच तंतूचे विजेचे ठोके नोंदवले. ताण वाढवला तरी ठोका मोठा झाला नाही; ठोके भराभर यायला लागले. म्हणजे नसेची भाषा आवाज चढवण्याची नाही, घाई करण्याची आहे. १९३२ सालचं नोबेल एड्रियन यांना मिळालं, चार्ल्स शेरिंग्टन यांच्यासोबत.

पण तिथे तंतू एकटा होता. माणसाच्या नसेत हजारो तंतू एकत्र बांधलेले असतात आणि ठोका असतो काही मायक्रोव्होल्टचा, म्हणजे व्होल्टच्या काही दहा-लाखाव्या भागांचा. शेजारचा स्नायू नुसता आखडला तरी त्याचा आवाज हजारपटीनं मोठा.

मग जायचं कसं जवळ? एक वाट म्हणजे नसेभोवती मऊ सिलिकॉनचा पट्टा गुंडाळायचा, आतून धातूची कडी असलेला. स्नायूचा गोंगाट सगळ्या कड्यांवर जवळजवळ एकदमच येतो. नसेतला ठोका मात्र एका कडीवरून दुसरीवर चालत जातो. नीट वजाबाकी केली की गोंगाटाचा मोठा भाग गळतो. शिवाय वेळ मोजता येते. सेकंदाला ५० मीटर धावणारा तंतू १ सेंटीमीटर अंतर सेकंदाच्या पाच हजाराव्या भागात कापतो. बारीक तंतू कितीतरी मागे राहतात. आणि ठोका वरून खाली आला तर हुकूम, खालून वर गेला तर स्पर्श.

दुसरी वाट नसेत शिरण्याची. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात घडलेली ही पट्टी बघा. ४ मिलिमीटरच्या चौकोनात १०० सुया, उतरत्या छपरासारख्या. सगळ्यांत आखूड अर्धा मिलिमीटर, सगळ्यांत लांब दीड. प्रत्येक सुईचं टोक वेगळ्या खोलीवर, वेगळ्या तंतूंच्या शेजारी. पण एका टोकालाही दोन-तीन तंतू एकदम ऐकू येतात. खरं कठीण काम इथून पुढे आहे.

(दृश्य: मिरज, सतारमेकरांचं दुकान.)

मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर चारही तारा एकदम छेडतो आणि सांगतो, खरज उतरलाय. प्रत्येक तारेचा आवाज त्याच्या कानाला वेगळा. जोडाच्या दोन तारा मात्र एकाच सुरातल्या. त्यांतली कुठली बोलली हे सांगायला त्यालाही क्षणभर थांबावं लागतं.

संगणक हेच करतो. सेकंदाला ३० हजार मोजणी घेतली की हजाराव्या भागात संपणारा एक ठोका ३० ठिपक्यांत उमटतो. जाड तंतूचा ठोका वेगळा, लांबच्याचा वेगळा. सारख्या आकाराचे ठोके एका गटात टाकायचे; एक गट म्हणजे बहुतेक एक तंतू. दोन ठोके एकमेकांवर पडले की तिसराच आकार दिसतो, तो सोडवायचा. सुई केसभर सरकली की कालचे आकार आज जुळत नाहीत. महिने जातात तसं शरीर सुईभोवती व्रणाचं आवरण चढवतं आणि आवाज बुजत जातो. मला विचाराल तर सगळ्यांत जिवाला लागणारी गोष्ट हीच: ऐकू आलेला माणूस पुन्हा दूर जातो.

म्हणून मिशिगन विद्यापीठातल्या शल्यविशारदांनी तुटलेल्या नसेच्या टोकाला स्नायूचा छोटा तुकडा गुंडाळला. नस त्यात रुजते, आणि मायक्रोव्होल्टची कुजबुज स्नायूच्या मोठ्या आवाजात बाहेर येते.

एवढं करूनही संगणकाला गट कळतात, बोटं कळत नाहीत. कुठला गट करंगळीचा, हे त्याला माणसानंच सांगावं लागतं. नसलेलं बोट वाकवून.

(दृश्य: गोठा. अण्णा डोळे मिटून बसलेत.)

अण्णांच्या हातात अशी कुठलीच सुई नाही. आम्ही फक्त म्हटलं, करंगळी वाकवा.

कातडीखाली, व्रणाच्या थोडं वर, काहीतरी हललं.

"वाकली बघा," अण्णा म्हणाले.