वावरातल्या गोट्याला नाव देताना

मंडळी, मागची पोट्टी पुढं आली तरी चालते, कारण आज दाखवायची वस्तू लहान आहे अन् लांबून दिसायची नाही. ही पाहा गोगलगाय. दगड झालेली, अंगठ्याएवढी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याकडच्या उतारावर पावसाळा सरला की अशा उघड्या पडतात, वखरणीत वर येतात. आता वेढ्यांचं टोक वर धरा अन् तोंड आपल्याकडं करा. तोंड कुठल्या बाजूला आलं? डाव्या. बांधावरच्या बहुतेक जिवंत गोगलगायी अशाच धरून पाहा, तोंड उजवीकडं येते. ताई, तुम्ही म्हणता ही दक्षिणावर्ती शंखासारखी झाली, ते बरोबर आहे, फक्त नाव उलटं आहे, कारण पूजेत शंखाची निमुळती पन्हाळ वर धरतात अन् शास्त्रात वेढ्यांचं टोक वर धरतात, म्हणून देवघरातला दक्षिणावर्ती तो आमच्या लेखी डावखुरा. वस्तू धरायची कशी हे आधी ठरलेलं नसलं तर नागपूरचा माणूस डावं लिहील अन् लंडनचा उजवं समजेल.

ह्या डावखुऱ्या गोगलगायीला 1840 मध्ये फायसा प्रिन्सेपी हे नाव मिळालं. पुढं नागपुरात राहणारे स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावानं तिथं कॉलेज आहे तेच, टाकळी, पिसदुरा, मांगली असं फिरून जीवाश्म गोळा करत राहिले. मांगलीची एक कवटी लंडनला पोचली, बेडकाच्या लांबच्या नात्यातल्या प्राण्याची, अन् रिचर्ड ओवेननं 1855 मध्ये तिचं नाव ठेवलं ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स. पहिला शब्द वंशाचा, दुसरा प्रजातीचा. लॅटिसेप्स म्हणजे रुंद डोक्याचा, म्हणजे वर्णन नावातच आलं.

पण नुसतं नाव ठेवून भागत नाही. ज्या एका नमुन्यावरून नाव दिलं तो नमुना जपून ठेवावा लागते, त्याला होलोटाइप म्हणतात. मी पोरांना सांगायचो की हा त्या नावाचा सातबारा आहे. शंभर वर्षांनी वाद निघाला तरी सगळ्यांना तोच काढून पाहावा लागते.

असा वाद आपल्याच भागात झालाय अन् तो मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. 1828 मध्ये जबलपूरला डायनासोरचे काही मोठे मणके सापडले. 1877 मध्ये लायडेकर नावाच्या अभ्यासकानं त्यांवरून टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिलं, अन् 1879 मध्ये आपल्या पिसदुऱ्याच्या शेपटीच्या मणक्यांवरून टायटॅनोसॉरस ब्लॅनफर्डी. खूण काय, तर जबलपूरच्या शेपटीच्या मणक्याला पुढून वाटीसारखा खळगा अन् मागून गोळा, एकाचा गोळा दुसऱ्याच्या वाटीत, उखळात मुसळ बसावं तसा. त्या काळात अशी शेपटी कोणाला माहीत नव्हती म्हणून खूण चालली. मग दक्षिण अमेरिकेत, मादागास्करला, जिकडंतिकडं अशाच शेपटीची जनावरं निघू लागली. ज्याला आपण एका माणसाचं नाव समजत होतो ते निघालं अख्ख्या भावकीचं आडनाव. 2003 मध्ये विल्सन अन् अपचर्च ह्या दोघांनी सगळं पुन्हा तपासून लिहिलं की ह्या मणक्यांवरून प्रजात वेगळी काढताच येत नाही.

आता आपलं डोंगरगाव. तिथल्या टेकडीवर 1984 ते 1986 मध्ये कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी खोदून एका डायनासोरचा बराचसा सांगाडा काढला. डोकं मिळालं नाही, पण मान, पाठ, शेपटी, पुढचा पाय होता, एकटं दंडाचं हाड जवळपास दीड मीटर. 1997 मध्ये जैन अन् बंद्योपाध्याय यांनी त्याला टायटॅनोसॉरस कोलबर्टाय म्हटलं. मग 2003 ला टायटॅनोसॉरस हे नावच डळमळलं, पण ह्या सांगाड्यात त्याच्या स्वतःच्या खुणा भरपूर होत्या, म्हणून तो टिकला, वंशाचं नाव तेवढं बदललं अन् झाला आयसिसॉरस कोलबर्टाय. आयएसआय ही त्या संस्थेची अक्षरं. कोणी म्हणते शास्त्रज्ञ सारखी नावं बदलतात, त्यांचं काही खरं नाही. मला उलट वाटते. सव्वाशे वर्षांचं नावाजलेलं नाव पुरावा कमी पडला म्हणून बाजूला ठेवायला हिंमत लागते.

जबलपूरचे ते पहिले मणके मधे हरवलेच होते. त्यातला एक 2012 मध्ये कोलकात्यात जीएसआयच्या, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा सापडला.

आता हे गोटे. पोट्टेहो, हसू नका, ही दगड झालेली विष्ठा आहे, पिसदुऱ्यात भरपूर. कोणत्या जनावराची हे तिच्यावर लिहिलेलं नसते, त्याच थरात त्या मोठ्या डायनासोरची हाडं निघतात म्हणून त्यांची असावी असं मानतात. 2005 मध्ये ह्यांच्या आतून गवताचे सूक्ष्म सिलिकाकण निघाले, आकारावरून ओळखता येतात, अन् त्यात भाताच्या कुळाजवळचे पण होते. डायनासोरच्या काळात इतकी गवतं असतील असं त्याआधी मानत नव्हते. आपल्या धानपट्ट्यात बसून हे सांगताना मला आजही अंगावर काटा येते.

पण हे सगळं जुळलं थरामुळं. खाली लॅमेटाचा थर, म्हणजे ही हाडं अन् गोटे ज्यात निघतात तो, त्याच्यावर लाव्हाचा काळा दगड, साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. गोटा कोणत्या थरातला हे माहीत म्हणून त्याचं वय माहीत. माझ्याकडं दोन डबे होते, अकरा वर्षांत गोळा केलेल्या गोगलगायी, सुंदर एकेक. घर बदलताना चिठ्ठ्या वेगळ्या पिशवीत ठेवल्या अन् त्या पिशवीला उधई लागली. गोगलगायी तशाच आहेत, पण कोणती कुठल्या टेकडीची ते गेलं. अभ्यासाला त्यातली एकही चालत नाही. अजून मन दुखते.

भाऊ, तुम्ही आणलेला दाखवा. हं, डावखुरीच आहे. पण तोंडाची कड तुटलीय अन् वरचे दोन वेढे घासलेत, म्हणून प्रजातीचं नाव मी देत नाही. कागदावर फायसासारखी एवढंच लिहा, खाली तुमचा गट नंबर, धुऱ्यापासून किती पावलं, अन् पांढऱ्या मातीत होती की काळ्या. उद्या जाऊन तिथं खुरपं ठेवून एक फोटो काढा, बाकीच्या असतील तशाच राहू द्या, रविवारी मी येतो.